कोंबड्या एकमेकींची पिसे का उपटतात?

गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला धानाचे पऱ्हे हिरवे दिसू लागले की गावातल्या कोंबड्यांचे मोकळे दिवस संपतात. कोंबड्या शेजाऱ्याच्या पऱ्ह्यात शिरल्या म्हणून होणारी भांडणे कोणालाच नको असतात. एरवी दिवसभर उकिरडा, गोठा आणि बांधीचे धुरे पालथे घालणाऱ्या दहा-पंधरा कोंबड्या मग खुराड्यात किंवा जाळीच्या आवारात कोंडल्या जातात. रोवणी आटोपेपर्यंत, एवढाच घरच्यांचा विचार असतो. पण आठ-पंधरा दिवसांत एखादीच्या शेपटीच्या बुडाशी उघडी, गुलाबी कातडी दिसू लागते. पुढे तिथे रक्त येते आणि एका सकाळी ती मागून फाडलेल्या अवस्थेत मरून पडलेली सापडते. संशय मुंगसावर नाहीतर रानमांजरावर जातो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा खुराड्यातच असतो.

ज्या घरात पाच-सात कोंबड्या हीच अंड्यांची पेटी, तिथे अशा दोन कोंबड्या जाणे म्हणजे मुलांच्या ताटातले अंडे जाणे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन मिळते. शिवाय अ आणि ब-१२ जीवनसत्त्वे. भातावर पोट भरणाऱ्या गरोदर बाईला आणि वाढत्या मुलाला नेमके हेच कमी पडते. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत अंड्याला स्थान मिळाले ते याचसाठी. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट घेणाऱ्या कुटुंबाचे तर पैसेही त्यात अडकलेले असतात. टोचाटोची सुरू झाली की अनेक जण उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेतात. ही घाई टाळता येते.

त्यासाठी आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ मध्ये मांडले. वरची कोंबडी खालचीला चोच मारते, खालची बाजूला सरकते. हा मार डोक्यावर किंवा तुऱ्यावर बसतो आणि भांडण क्षणात मिटते. पिसे उपटण्याची तऱ्हा वेगळी आहे. त्यात राग दिसत नाही. एक कोंबडी दुसरीच्या मागे शांतपणे उभी राहते, शेपटीजवळचे पीस चोचीत धरते, ओढते आणि पुष्कळदा गिळूनही टाकते. जमिनीतला किडा ओढावा, तशीच ही हालचाल असते.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. नेदरलँड्सचे संशोधक हॅरी ब्लॉखुइस यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की पिसे उपटणे ही जमीन टोचण्याची भटकलेली सवय आहे. कोंबडीचा पूर्वज असलेला रानकोंबडा जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ पालापाचोळा उकरण्यात आणि टोचण्यात घालवतो. पोट भरलेले असले तरी ही ओढ कमी होत नाही. पायाखाली उकरायला काहीच नसले, तर समोर हलणारी वस्तू म्हणजे शेजारणीचे पीस. एकदा कातडी लाल झाली की बाकीच्याही तिथेच टोचतात, कारण लाल रंग कोंबड्यांना ओढून घेतो. एकीचे पाहून दुसरी शिकते आणि पाहता पाहता सगळा कळप त्यात सामील होतो.

अर्थात पीस गळाले म्हणजे ते उपटलेच गेले, असे नाही. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे टाकते. ही गळती मानेकडून मागे सरकते आणि त्या जागी नव्या पिसांचे कोंब दिसतात. पाठीच्या मधोमध टक्कल आणि डोक्यामागची पिसे तुटलेली असतील, तर कारण बहुधा कोंबडा असतो. माद्या थोड्या आणि नर जास्त झालेले असतात. खुडूक बसलेली कोंबडी स्वतःच्या छातीची पिसे काढते. अंडी देण्याच्या जागेभोवती पिसांच्या मुळाशी पांढरट गोळे चिकटलेले दिसले, तर ती उवांची अंडी. रात्री खुराड्याच्या फटींवर टॉर्च मारून गोचिडी पाहाव्यात. दिवसा त्या दिसत नाहीत. ही सगळी कारणे बाजूला सारल्यावर शेपटीच्या बुडाशी आणि अंडी देण्याच्या जागेजवळ तुटलेली पिसे व जखमा उरल्या, तरच रोगाचे नाव ठरवावे. निदानाआधी उपाय सुरू करण्याची घाई माणसांच्या आजारातही महागात पडते.

आता खाण्याकडे पाहू. मूल माती खाऊ लागले, तर त्याला रागावण्याआधी त्याचे रक्त तपासायचे असते. पीस गिळणाऱ्या कोंबडीबाबतही हाच न्याय लावावा. इथल्या घरांत कोंबड्यांना मिळते ती कनकी, उरलेला भात आणि कोंडा. वर्षाला साठेक अंडी देणारी गावठी कोंबडी मोकळी असेल, तर बाकीचे ती किडे, वाळवी आणि गवतातून मिळवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा ग्रामप्रिया यापेक्षा कितीतरी जास्त अंडी देते. तिच्या खाद्यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिन लागते. तांदळात ते सात-आठ टक्केच असते. अशी कोंबडी कोंडून फक्त कनकीवर ठेवली, तर तिला प्रथिनही अपुरे आणि मीठही. कनकीत मीठ जवळपास नसतेच, आणि मिठाची उणीव हे टोचाटोचीचे जुने ज्ञात कारण आहे. शंभर किलो खाद्यात अडीचशे ते पाचशे ग्रॅम मीठ पुरते. त्याहून अधिक घालू नये, कोंबड्यांना मिठाची विषबाधा लवकर होते. प्रथिनासाठी तलावाच्या जिल्ह्यात दूर जायला नको: बाजारात उरलेली बारीक मासोळी उकडून, डबक्यात वाढवलेला अझोला, शेवग्याचा पाला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी बाजारात मिळणारे तयार खाद्य निम्मे मिसळले, तरी फरक पडतो.

पण नुसत्या खाद्याने काम होत नाही, कारण वाटीतले खाद्य कोंबडी थोड्या वेळात संपवते आणि दिवस मोठा असतो. तिला काम द्यावे लागते. या कामाचे साहित्य धानाच्या जिल्ह्यात घरोघरी आहे. खुराड्याच्या जमिनीवर राइस मिलमधला धानाचा भुसा चार बोटे पसरावा, वर तणसाच्या दोन पेंढ्या सोडून टाकाव्यात आणि रोजच्या दाण्यांतला काही भाग त्यातच उधळावा. झोडताना दाणे राहिलेले तणस असेल तर उत्तमच. कोंबड्या दिवसभर ते उलटेपालटे करत राहतात. तणस मात्र कोरडे हवे. बुरशी धरलेल्या तणसाने कोंबड्यांची फुप्फुसे बिघडतात. पालेभाजीची जुडी दोरीने डोक्याच्या उंचीवर टांगावी. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती यांचा खड्डा असावा. धुळीत लोळणे ही कोंबडीची आंघोळ आहे आणि त्याने उवाही कमी होतात. बंद ठेवलेल्या प्रत्येक कोंबडीला किमान चार चौरस फूट जागा लागते. पंचवीस कोंबड्यांना खाटेएवढ्या खुराड्यात दिवसभर ठेवले, तर तणसही उपयोगी पडत नाही. अंडी घालायला अंधारे खोके ठेवावे, चार-पाच कोंबड्यांना एक. अंडे घालताना आतला लाल भाग क्षणभर बाहेर येतो. उजेडात तो इतरांना दिसला की जीवघेणी टोच तिथेच बसते. रात्रभर मोठा बल्ब जळत ठेवण्याची पद्धतही सोडलेली बरी.

जखमी कोंबडी लगेच वेगळी करावी, पण बांबूच्या डालग्याखाली, इतरांना दिसेल अशी. फार दिवस नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की कळप तिला परकी मानतो. जखम मीठ घातलेल्या कोमट पाण्याने धुवून निंबोळीचे तेल लावावे, म्हणजे माश्या बसत नाहीत. लाली पूर्ण जाऊन कातडी कोरडी पडली की रात्री, सगळ्या झोपल्यावर, परत सोडावी. टोचणारी एकच असेल, तर तिलाच आठवडाभर बाहेर काढणे अधिक फायद्याचे. घरातल्या माणसांसाठी आणलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकणे मात्र पूर्ण चूक आहे. टोचण्याची सवय प्रतिजैविकाने जात नाही. औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि औषधांना न जुमानणारे जंतू घरातच तयार होतात. माणसाच्या शेवटच्या फळीतले कोलिस्टिन हे औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी आणली, ती याच भीतीने.

चोच कापण्याचा सल्लाही गावात मिळतो. मोठ्या पोल्ट्री फार्ममध्ये तप्त पात्याने चोचीचे टोक काढतात. कोंबडीची चोच म्हणजे नख नव्हे. तिच्यात नसा असतात आणि कापलेल्या टोकाशी नसांच्या गाठी होतात, अगदी पाय कापलेल्या माणसाच्या खुंटात होतात तशाच. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये चोच कापायला मनाई आहे. परसातल्या कोंबडीची चोच ब्लेडने कापली, तर ती किडे टिपण्याचेही विसरते, म्हणजे प्रथिनाची उणीव आणखी वाढते. अमेरिकेत तर १९०३ मध्ये कोंबड्यांच्या चष्म्याचे पेटंट दिले गेले. पुढे तांबड्या काचांचे चष्मेही निघाले. सगळेच तांबडे दिसले म्हणजे रक्त उठून दिसणार नाही, अशी कल्पना. त्यापेक्षा तणस स्वस्त आहे.

सवय लागते ती पिल्लूपणी. कोंबडीच्या पंखाखाली वाढलेली पिल्ले मोठेपणी कमी पिसे उपटतात, असे अभ्यासांत दिसले आहे. आई काय टोचायचे ते दाखवते आणि पंखाखालच्या अंधारात पिल्ले शांत झोपतात. बल्बखाली जागी असलेली पिल्ले झोपलेल्यांना टोचत राहतात. म्हणून एक दिवसाची थोडी पिल्ले आणली, तर घरची खुडूक गावठी कोंबडी हीच उत्तम दाई. संध्याकाळी अंधार पडल्यावर ती पिल्ले तिच्याखाली सरकवावीत. आठ-दहा पिल्ले ती सहज सांभाळते.

मात्र एक वेगळी खूण ध्यानात ठेवावी. जखम नसताना दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर ती टोचाटोची नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. हा विषाणू या भागाला नवा नाही. अशा मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी उचलू नयेत, सोलू नयेत, तलावात टाकू नयेत आणि मुलांना जवळ जाऊ देऊ नये. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कोंबड्या हाताळलेल्या माणसाला त्यानंतर आठ-दहा दिवसांत ताप आणि खोकला आला, तर डॉक्टरांना तापासोबत कोंबड्यांचेही सांगावे.