काचपेटीतला शेजार



घरी मासे पाळण्याची हौस आता नवलाची राहिलेली नाही. १९५१ साली मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा काचेआड पोहणारे जिवंत मासे पाहण्यासाठी गावोगावची माणसे मुद्दाम वाट वाकडी करून जात. आज तीच काच डॉक्टरांच्या दवाखान्यात, खाणावळीत आणि आपल्या दिवाणखान्यातही येऊन बसली आहे. परंतु या हौशीची दुसरी एक बाजू आहे, आणि ती पुष्कळांच्या घरी माळ्यावर पाहावयास मिळते. रिकामी, कोरडी, एका कोपऱ्यात तडकलेली काचपेटी. आणली मोठ्या उत्साहाने, आणि सहा महिन्यांत माळ्यावर गेली. मध्ये काय घडले हे कोणी फारसे सांगत नाही.

आमच्या घरी काय घडले ते आम्ही सांगतो. दोन फूट लांबीची पेटी आणली आणि त्याच दिवशी दुकानात जाऊन डोळ्यांना जे जे सुंदर दिसले ते ते उचलले. रुपयाएवढे दोन एंजल, दहा निऑन टेट्रा, लांब झुलत्या परांचा एक फायटर, पट्ट्यापट्ट्यांचे चार टायगर बार्ब आणि दोन गोल्डफिश. घरात दोन दिवस उत्सव चालला होता. तिसऱ्या दिवशी फायटरच्या परांच्या चिंध्या झालेल्या दिसल्या. दुसरा आठवडा संपण्यापूर्वी गोल्डफिश गेले. निऑन दहाचे आठ झाले, आठाचे पाच झाले, आणि तीन-चार महिन्यांनी एके सकाळी एकही उरला नाही. पाण्यावर मेलेला निऑन कधी तरंगताना दिसला नव्हता. एंजल मात्र चांगले तुकतुकीत झाले होते. धाकट्या मुलीने विचारले, “बाबा, ते गेले कुठे?” आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले, कारण खरे उत्तर देण्याची लाज वाटली.

आता यात दोष कोणाचा? दुकानदाराने मागितले ते दिले. एंजलने पाप केले म्हणावे, तर दक्षिण अमेरिकेतील आपल्या मायदेशी नदीतही तो तोंडात मावणारे लहान जीव गिळूनच जगतो. आपल्या जुन्या राजनीतिशास्त्रात ‘मात्स्यन्याय’ असा शब्द आहे. दंड धारण करणारा राजा नसला म्हणजे बलवान दुर्बळाला गिळतो, असा त्याचा अर्थ. परंतु नदीत राजा नसला तरी दुर्बळाला पळण्यास वाव असतो. शेवाळ असते, बुडालेल्या फांद्या असतात, मैलोगणती पाणी असते. दोन फुटांच्या काचेत पळून जायचे कुठे? तेथे कोणाशेजारी कोणी राहावे हे सर्वस्वी आपण ठरवतो. म्हणून निवड ही या छंदातील पहिली आणि सर्वांत मोठी जबाबदारी होय. ती डोळ्यांनी करू नये. चार प्रश्न विचारून करावी, आणि ते प्रश्न पाणी, तोंड, स्वभाव व संख्या यांविषयीचे असावेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. माशाला पाणी म्हणजे आपल्याला हवा, आणि सगळे गोडे पाणी एकसारखे नसते. ज्या पाण्यात साबणाला चटकन फेस येतो ते सुफेन, आणि ज्यात साबण नुसता फुटतो ते दुष्फेन, हे आपण शाळेत शिकलो. गृहिणींना यासाठी शाळेची गरज नाही. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही ते पाणी दुष्फेन, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. धरणाचे नळाने येणारे पाणी आपल्याकडे बहुधा सुफेनाकडे झुकते, तर काळ्या खडकातील विंधन विहिरीचे बहुधा दुष्फेन असते. आता निऑन टेट्रा हा अॅमेझॉन खोऱ्यातील सुफेन, किंचित आम्ल पाण्याचा रहिवासी. उलट गप्पी, मॉली, प्लॅटी ही पिल्लांना जन्म देणारी मंडळी दुष्फेन पाण्यात खुलतात. एकाला मानवेल ते दुसऱ्याला मानवत नाही. म्हणून मासे पाहून पाणी बदलण्याच्या खटपटीत न पडता, आपल्या घरी जे पाणी येते ते पाहून मासे निवडावेत. हा मार्ग स्वस्त आणि टिकाऊ आहे.

पाण्याबरोबर उष्णतेचाही विचार हवा. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास उतरतो. म्हणजे उन्हाळ्यात माशाचा श्वास वाढतो आणि नेमका तेव्हाच प्राणवायू कमी पडतो. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, शिवाय एक वीत वाढणारा आणि भरपूर घाण करणारा. त्याला उष्ण प्रदेशातील इवल्या माशांबरोबर ठेवणे दोघांवरही अन्याय आहे. निऑनलाही आपला वैशाख फारसा मानवत नाही.

दुसरा प्रश्न तोंडाचा. नियम सोपा आहे. जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या तेथे जातो. मात्र तोंड आजचे मोजू नये, पूर्ण वाढ झाल्यावरचे मोजावे. दुकानातील बहुतेक मासे ही पिल्ले असतात. आम्ही आणलेला रुपयाएवढा एंजल वाढून १५ सेंटिमीटरांचा होतो. निऑन जन्मभर तीन-साडेतीन सेंटिमीटरांचाच राहतो. येथे आमची आणखी एक चूक लक्षात घ्या. दोघे एकाच महानदीच्या खोऱ्यातले, म्हणून दोघांचे जमेल असा आम्ही तर्क केला होता. पाण्यापुरता तो बरोबरच होता. पण गाव एक असले म्हणून वाघ आणि हरिण एका गोठ्यात बांधता येत नाहीत.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. लहान मासा गरीबच असतो असे नाही. सियामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, फायटर हा पाच-सहा सेंटिमीटरांचाच असतो. पण दोन नर एकत्र ठेवले तर झुंज ठरलेली. गप्पीच्या नराची रंगीत, मोठी शेपटी पाहून तो त्यालाही प्रतिस्पर्धी समजतो. हाच योद्धा टायगर बार्बपुढे मात्र दीन होतो, कारण जड परांमुळे त्याला चपळाईने पळता येत नाही, आणि झुलते पर कुरतडणे ही बार्बची खोड आहे. तेव्हा लांब परांचे मासे आणि परांना तोंड लावणारे मासे एकत्र आणू नयेत. खाण्याचा वेगही पाहावा. सपाट्याने खाणाऱ्यांच्या पंगतीत सावकाश खाणारा बसवला तर तो मार न खाताही उपाशी मरतो.

चौथा प्रश्न संख्येचा, आणि येथे नवखा माणूस हमखास फसतो. ‘प्रत्येकातले एक-एक द्या’ ही दुकानात नेहमी ऐकू येणारी मागणी. कळपाने राहणाऱ्या माशाच्या बाबतीत ती क्रूर ठरते. टेट्रा, रासबोरा, बार्ब, झेब्रा यांना कळपातच निर्धास्त वाटते. एकटा-दुकटा असला की मासा कोपऱ्यात दडतो, रंग फिका पडतो, अन्न टाकतो. निदान सहा, शक्य तर आठ, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. गंमत अशी की, टायगर बार्बसुद्धा आठ-दहा असले म्हणजे आपसांतच भांडत राहतात आणि शेजाऱ्यांना त्रास कमी देतात. आम्ही चारच आणले, म्हणजे फायटरच्या हालांत आमचाही वाटा होता.

आता आपल्या सोयीसाठी प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच पेटीत एकंदर ७० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ५५ लिटर उरते. हे घर लहानच आहे. त्यात पाण्याचे तीन मजले समजा आणि प्रत्येक मजल्यावर कोण राहील ते ठरवा.

घरचे पाणी सुफेन असेल, तर मधल्या मजल्यावर हार्लेक्विन रासबोरा आठ ठेवावेत. हे मलाया द्वीपकल्पाकडचे, चार-साडेचार सेंटिमीटरांचे, काळ्या त्रिकोणी ठिपक्याचे शांत मासे. वरच्या मजल्यावर हनी गुरामीची एक जोडी. हा मासा आपल्या देशाच्या पूर्व भागातला व बांगलादेशातला. पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेण्याची सोय त्याच्या शरीरात आहे, म्हणून पाणी व झाकण यांत दोन बोटे अंतर ठेवावे. तळाशी कुहली लोच पाच. हे सापासारखे बारीक, रात्री फिरणारे मासे वाळूत दडतात, तेव्हा वाळू बारीक हवी. तिघांनाही पाणी एकच लागते, कोणी कोणाच्या तोंडात मावत नाही, आणि कोणी कोणाच्या मजल्यावर फारसा जात नाही.

पाणी दुष्फेन असेल, तर झेब्रा मासे आठ आणि प्लॅटीचे नर चार, एवढ्यावर थांबावे. तळ मोकळा राहिला तर राहू द्यावा. नरच का, तर माद्या आणल्या की महिन्या-महिन्याला पिल्ले होतात, आणि दुकानातील मादी बहुधा आधीच गाभण असते. झेब्राविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण तो आपला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर लिहिलेल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. हनी गुरामीचे वर्णनही त्याच ग्रंथातले. झेब्राचे गर्भ पारदर्शक असल्याने आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासाचा मासा झाला आहे. उन्हाळा-हिवाळा सोसणारा, काटक आणि स्वस्त असा हा मासा आम्ही परदेशी रंगांच्या नादात पाहिलाही नव्हता.

निवड झाली तरी घाई नको. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसरे जिवाणू त्याचे पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. ते जमण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमचे गोल्डफिश दुसऱ्या आठवड्यात का गेले, याचे उत्तर येथे आहे. म्हणून प्रथम पेटी भरून गाळणयंत्र चालू करावे, रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि मासे नसलेली पेटी महिनाभर चालू द्यावी. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची औषधे बाजारात मिळतात. दोन्ही शून्यावर आली की मगच कळप आणावा. पहिला कळप रुळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. पुढे दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या जिवाणूंना आणि माशांना दोघांनाही घातक असतो, म्हणून क्लोरीन मारणारे थेंब घातल्याशिवाय ते पाणी पेटीत ओतू नये.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर. निवड चुकली आणि मासा डोईजड झाला, तर पुष्कळ दयाळू माणसे त्याला नदीत किंवा तलावात सोडतात आणि पुण्य पदरात पडल्याचे समाधान मानतात. हे पुण्य नव्हे. काच साफ करतो म्हणून बोटाएवढा विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो फूटभराहून मोठा होतो, आणि असाच सोडला गेल्यामुळे आपल्या देशातील अनेक नद्या-तलावांत त्याने ठाण मांडले आहे. तेथील देशी माशांना त्याच्यापासून पळण्यास जागा आहे खरी, परंतु अन्न व आसरा त्याच्याशी वाटून घ्यावा लागतो. आपल्या दिवाणखान्यातील चुकीचा शेजार आपण सबंध नदीवर लादतो. नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसास द्यावा, पण वाहत्या पाण्यात कधीही सोडू नये.

आमची पेटी माळ्यावर गेली होती, ती वर्षभराने खाली आली. एंजल आम्ही मोठी टाकी असलेल्या एका स्नेह्यांना दिले होते. या वेळी महिनाभर नुसते पाणीच चालवले, तेव्हा येणारे-जाणारे हसत. मग आठ झेब्रा आणले, कारण आमच्या घरी विंधन विहिरीचे पाणी येते. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, तीच आता रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मासे मोजते. आठ भरतात. तिला त्या वेळी द्यावयाचे राहिलेले खरे उत्तरही आम्ही एके दिवशी देऊन टाकले. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, “मग आधी विचारायला हवं होतं ना?” आमच्या सबंध व्याख्यानाचे तात्पर्य याहून निराळे नाही.