चिप आहे, मग टॉमी सापडेल?

दिवाळीत खडकी बाजारात सुतळी बॉम्ब फुटला, की घाबरलेला कुत्रा हिसका देऊन सुसाट पळतो. ‘चिप बसवलीये ना, सापडेल!’ असं म्हणत असाल तर थांबा. कातडीखालची तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप ठिकाण सांगत नाही. तिच्यात बॅटरी नसते. असतो फक्त १५ अंकी नंबर, तोही स्कॅनर धरल्यावरच दिसणारा. त्यापुढे तुमचा जुना मोबाइल नोंदवलेला असेल, तर काय उपयोग? लाइव्ह लोकेशन हवं तर जीपीएस कॉलर. पण तिला नेटवर्क लागतं, चार्जिंगही. ब्लूटूथ टॅग चालतो आसपासच्या फोनच्या भरवशावर. सामसूम रस्त्यावर तो गप्पच! म्हणून आजच पट्ट्यावर तुमचा नंबर ठळक लिहा. तो वाचायला टपरीवाल्या काकांना कुठलंच अ‍ॅप लागत नाही.