खडा किती मोठा, की रुग्ण किती सक्षम?

बँकेत कर्जमंजुरीपूर्वी आम्ही केवळ तारण पाहत नसू. कर्जदाराची परतफेडीची कुवतही तपासत असू. घरच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र हा विवेक मला सुचला नाही.

चार वर्षांपूर्वी नगरच्या आमच्या पेढीवर बसणाऱ्या थोरल्या बंधूंना मुतखड्याचा त्रास झाला. वय ७३. बाहेरगावी शस्त्रक्रिया ठरली. आम्ही दोनच प्रश्न विचारले : खडा केवढा आणि खर्च किती? वर्षभरात त्यांचे वजन पाच-सहा किलोंनी घटले होते, जिना चढताना ते थांबत. हे 'वयोमानच' समजून आम्ही सांगितलेच नाही. खडा निघाला, पण ताप, भ्रम आणि दीड महिन्याचे अंथरूण मागे लागले. पेढीवर ते पुन्हा पूर्वीसारखे बसले नाहीत.

या अवस्थेस वैद्यकशास्त्र 'फ्रेल्टी' म्हणजे शारीरिक क्षीणता म्हणते. ती केवळ वयावर अवलंबून नसते. ऐंशीचा मनुष्य काटक असतो आणि पासष्टीचा क्षीण. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे मांडली : नकळत घटलेले वजन, हाताची दुबळी पकड, सततचा थकवा, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन आढळल्यास क्षीणता. एक-दोन असल्यास उंबरठा. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवूड यांची श्रेणी तर रुग्णाच्या दैनंदिन स्वावलंबनावरून गुण देते.

मोठ्या खड्यासाठी पाठीतून दुर्बीण घालून करावयाच्या शस्त्रक्रियेत चिरा लहान असतो. तथापि रक्तस्राव व रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग हे धोके राहतातच. क्षीण शरीराजवळ ते सोसण्याची शिल्लक नसते.

म्हणून डॉक्टरांना वजन, चाल, पडझड, विस्मरण, मधुमेह आणि रक्त पातळ करणारी गोळी हे सर्व सांगावे. लघवीची कल्चर तपासणी झाली का, हे विचारावे. चौविहार वा उपवास चालू असल्यास तेही सांगावे. दिवसा पाणी किती घ्यावे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. घाई नसेल, तर काही आठवडे आहार व चालणे सुधारून मग शस्त्रक्रिया करता येते, किंवा सौम्य उपाय निवडता येतो. मात्र मूत्रमार्ग अडून थंडीताप आल्यास थांबू नये. तेव्हा मूत्रपिंडातील तुंबलेली लघवी मोकळी करणे तातडीचे असते.

खड्याचे माप यंत्र सांगते. माणसाची शिल्लक घरच्यांनाच ठाऊक असते. ती वेळेवर सांगणे, हेच आपले कर्तव्य.