नव्या भागविक्रीतील लाभांशाचा हिशेब

एखाद्या मोठ्या कंपनीच्या भागांची, म्हणजेच शेअरांची, प्रथमच जाहीर विक्री होते तेव्हा साठविलेल्या पुंजीवर संसार चालविणाऱ्या मनुष्यापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. भाग चढ्या भावाने विकून नफा मिळविणे हा त्याचा हेतू नसतो. दरवर्षी काही रक्कम हाती पडावी आणि मुद्दलाला धक्का लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. यास्तव ‘भाव चढेल काय?’ यापेक्षा ‘लाभांश किती व कशाच्या आधारावर मिळेल?’ हा प्रश्न त्याने प्रथम विचारला पाहिजे.

लाभांश हे व्याज नव्हे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे अवश्य आहे. ठेवीवरील व्याज कराराने ठरलेले असते. लाभांश जाहीर होईपर्यंत भागधारकाचे कंपनीकडे काहीही येणे नसते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार घसारा वजा करून उरलेल्या चालू वर्षाच्या अथवा मागील वर्षांच्या नफ्यातून लाभांश देता येतो. अंतरिम लाभांश संचालक मंडळ जाहीर करते. अंतिम लाभांशाची शिफारस मंडळ करते व वार्षिक सभा तिला संमती देते. मंडळाने शिफारसच केली नाही, तर सामान्य भागधारकापाशी फारसा उपाय राहत नाही.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. लाभांश दर्शनी मूल्यावर सांगण्याची जुनी प्रथा आहे. परंतु अर्जदार पैसे भरतो ते विक्रीच्या भावाने. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या भागांची विक्री ४ ते ९ मे २०२२ या काळात झाली. दर्शनी मूल्य १० रुपये व विक्रीचा भाव ९४९ रुपये होता. लहान गुंतवणूकदारांना ४५ रुपयांची सूट मिळून तो ९०४ पडला. २०२१-२२ या वर्षासाठी महामंडळाने दर भागास १ रुपया ५० पैसे लाभांश दिला. दर्शनी मूल्यावर हा लाभांश १५ टक्के दिसतो. ९०४ रुपयांवर मात्र तो जेमतेम ०.१७ टक्का भरतो. २०२४-२५ साठी तो १२ रुपयांवर गेला, तरीही मूळ गुंतवणुकीवरील उत्पन्न १.३ टक्क्याच्या आसपासच राहिले. कंपनीचे मोठेपण व लाभांशाचे मोठेपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

कोल इंडियाचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्र सरकारने या कंपनीचे १० टक्के भाग २४५ रुपये भावाने विकले. लहान गुंतवणूकदारांना ते २३२ रुपये ७५ पैशांस मिळाले. २०१०-११ चा लाभांश ३ रुपये ९० पैसे, म्हणजे १.७ टक्का होता. २०१३-१४ मध्ये तो २९ रुपयांवर, म्हणजे साडेबारा टक्क्यांवर गेला. २०१९-२० मध्ये तो १२ रुपयांपर्यंत उतरला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा साडेसव्वीस रुपये झाला. २०१९-२० पर्यंतच्या दहा वर्षांत मिळालेल्या लाभांशाची बेरीज १६६ रुपये ५० पैसे होते. तथापि ऑक्टोबर २०२० मध्ये भागाचा भाव ११५ रुपयांच्या आसपास घसरला होता. त्या वेळी ज्याला पैशांची निकड लागली, त्याच्या मुद्दलाचा निम्मा हिस्सा गेलेला होता. लाभांश भरघोस असला म्हणजे मुद्दल सुरक्षित असते, असे नव्हे.

हा लाभांश एवढा हेलकावे का खातो? कोल इंडिया ही मुख्यतः उपकंपन्यांची मालक असलेली संस्था आहे. नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स हीदेखील तिचीच उपकंपनी होय. उपकंपन्यांनी दिलेला लाभांश हेच तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचे मुख्य साधन असते. शिवाय निर्णयात प्रमुख भागधारकाची गरज गुंतलेली असते. जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झालेला २९ रुपयांचा लाभांश एकूण सुमारे १८,३०० कोटींचा होता व त्यातील नऊ-दशांश वाटा केंद्र सरकारचा होता. तिजोरीतील तूट आवरण्याची निकड त्या वेळी सरकारला होती. पुढे २०१६ मध्ये सरकारी कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा किमान लाभांश द्यावा, असे ठरविण्यात आले. २०२४ मध्ये दुसरे प्रमाण ४ टक्के करण्यात आले. लहान भागधारकाला यातून लाभ होतो खरा. परंतु तो दुसऱ्याच्या गरजेच्या आश्रयाने होतो.

म्हणून माहितीपत्रक वाचताना काही गोष्टी नेमक्या शोधाव्यात. विक्रीचा पैसा कंपनीच्या धंद्यात येणार की जुन्या भागधारकाच्या खिशात जाणार? वरील दोन्ही उदाहरणांत तो सरकारकडे गेला. मागील वर्षांचा नफा रोख रकमेत वसूल झाला होता काय? कर्जाचे ओझे किती? लाभांशाचे धोरण कोणते? आणि हाती पडणाऱ्या रकमेतून कर किती जाईल? कारण १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर भागधारकाच्या उत्पन्नात धरून आकारला जातो.

अखेरीस, नव्या विक्रीची वेळ व भाव विकणारा ठरवितो, हे विसरता कामा नये. तोच भाग पुढे बाजारात मिळतोच. थांबणे नेहमीच किफायतीचे ठरते असे नाही. कोल इंडियाचा भाग पहिल्याच दिवशी ३४० रुपयांवर गेला; उलट आयुर्विमा महामंडळाचा पहिल्या दिवशीच विक्रीच्या भावाखाली आला. परंतु ज्याला केवळ लाभांश हवा आहे, त्याच्या हाती थांबल्याने दोन-तीन वर्षांचा प्रत्यक्ष दाखला येतो. ज्या पुंजीवर घरखर्च अवलंबून आहे, तिच्या बाबतीत हा दाखला हुकलेल्या नफ्याहून अधिक मोलाचा होय.