पाठीत यंत्र बसवायला सांगितलं, तर आधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात विहारातल्या आरोग्य तपासणीला एक ताई आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. कंबर बरीच सुधारली, पण डाव्या पायातली आग काही गेली नाही. मांडीच्या मागून टाचेपर्यंत कोणी निखारा फिरवतंय, असं त्या सांगत होत्या. घरातले म्हणायचे, "ऑपरेशन झालं ना? मग आता कसलं दुखणं?" एका खासगी रुग्णालयात त्यांना सांगितलं गेलं की पाठीत एक यंत्र बसवा, दुखणं थांबेल. खर्च काही लाखांत. नवऱ्याने राहती खोली गहाण टाकायची तयारी केली होती. सही करण्याआधी ताई आमच्याकडे आल्या, एवढं बरं झालं.

हे यंत्र म्हणजे 'स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर'. ते खोटं नाही आणि जादूचंही नाही. मोठ्या शहरांत आता त्याचा सल्ला दिला जातो, म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घराला त्याची नीट माहिती हवी.

दुखणं म्हणजे नाटक नव्हे

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. अशा वेळी पुष्कळदा मूळची जखम भरलेली असते, पण नस खोट्या हाका मारत राहते. दारावर कोणी नसताना बेल वाजत राहावी, तसं. एमआरआयमध्ये फार काही दिसत नाही म्हणून माणूस खोटं बोलतो असं होत नाही. आग होणं, विजेसारखी चमक जाणं, मुंग्या येणं, साडीचा काठ लागला तरी सहन न होणं, ही नसेच्या वेदनेची लक्षणं आहेत. हाडाच्या किंवा स्नायूच्या दुखण्यापेक्षा ही वेदना वेगळी आणि तिची औषधंही वेगळी. साध्या पेनकिलरने ती सहसा हटत नाही. उलट वर्षानुवर्षं मेडिकलमधून पेनकिलर आणून खाल्ल्याने मूत्रपिंड आणि पोट खराब झालेली माणसं आम्ही वॉर्डात पाहिली आहेत.

यंत्र आलं कुठून?

गुडघा आपटला की आपण तो चोळतो आणि जरा बरं वाटतं. का? 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी याचं एक उत्तर मांडलं. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे संदेश जोरात आले की ते फाटक वेदनेच्या संदेशांना अडवतं. पुढे या विचारात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण त्यातूनच एक कल्पना निघाली की सौम्य वीज देऊन हे फाटक लावता येईल का? 1967 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे डॉ. नॉर्मन शीली यांनी कॅन्सरच्या वेदनेने त्रासलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूजवळ पहिल्यांदा असं यंत्र बसवलं. आज जगभर ते वापरलं जातं.

बसवतात कसं?

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी अरुंद जागा असते, तिथे बारीक तारा सरकवतात. नितंबाच्या वर किंवा पोटाच्या कातडीखाली बॅटरीचा छोटा डबा ठेवतात. रुग्णाच्या हातात रिमोट असतो. जुन्या पद्धतीत दुखऱ्या जागी मुंग्या आल्यासारखं वाटतं, नव्या काही पद्धतींत तेही जाणवत नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी चाचणी. फक्त तारा आत घालतात, बॅटरी बाहेर कमरेला बांधतात आणि काही दिवस, साधारण आठवडाभर, रुग्णाला घरी नेहमीसारखं वावरू देतात. वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली, झोप आणि चालणं सुधारलं, तरच कायमचं यंत्र बसवण्याचा विचार होतो. फरक पडला नाही तर तारा काढून टाकतात. आमच्या त्या ताईंना या चाचणीबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

कोणाला, आणि किती उपयोग?

मणक्याच्या ऑपरेशननंतर पायात राहिलेली नसेची वेदना, आणि दुखापतीनंतर हात किंवा पाय सतत जळणं, सुजणं, रंग बदलणं असा जो आजार होतो तो, यांसाठी हे यंत्र प्रामुख्याने वापरतात. मधुमेहामुळे पायांच्या नसा दुखतात, त्यासाठीही अमेरिकेत 2021 मध्ये काही यंत्रांना मान्यता मिळाली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने 2008 मध्ये नियम घातला, तो असा: नसेची वेदना असावी, बाकीचे उपचार करूनही ती किमान सहा महिने टिकलेली असावी आणि चाचणी यशस्वी व्हावी.

ओझं उचलून, वाकून काम करून दुखणारी साधी कंबर, गुडघ्याची झीज, अंगदुखी, यांच्यासाठी हे यंत्र नाही.

आता दुसरी बाजू. नॉर्वेमध्ये 50 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय दुखणाऱ्या आणि चाचणीत बरं वाटलेल्या या रुग्णांना यंत्र बसवलं. मग काही महिने ते चालू ठेवलं, काही महिने बंद, आणि कधी काय आहे ते रुग्णांना कळू दिलं नाही. रोजच्या हालचालींत या दोन काळांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरचे 13 अभ्यास एकत्र तपासले. कंबरदुखीसाठी या यंत्राचा टिकाऊ फायदा त्यांतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. वेदनातज्ज्ञांमध्ये यावर वाद आहे. काही रुग्णांना खरंच आराम मिळतो, असं अनेक डॉक्टर सांगतात. पण जिथे तज्ज्ञांचंच एकमत नाही, तिथे "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्यावर आपण विश्वास का ठेवायचा?

यंत्राची देखभाल आणि धोके

यंत्र आजार बरा करत नाही, जमलं तर वेदना कमी करतं. तार जागेवरून सरकू शकते, तुटू शकते. जखमेत जंतुसंसर्ग झाला तर यंत्र काढावं लागतं. मज्जारज्जूला इजा किंवा रक्तस्राव क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. बॅटरी संपली की ती बदलायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. चार्ज होणारी बॅटरी जास्त वर्षं टिकते, पण ती नेमाने चार्ज करावी लागते. ज्या घरात वीज कधीही जाते, तिथे याचाही विचार हवा. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर यंत्र आहे हे आधी सांगावं लागतं. मधुमेह ताब्यात नसेल, अंगात जंतुसंसर्ग असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना ते न लपवता सांगा.

सही करण्याआधी विचारा

- माझी वेदना नसेची आहे का? हे कशावरून ठरवलं?
- नसेच्या वेदनेची औषधं आणि व्यायाम पुरेसा काळ करून झाले का?
- आधी चाचणी होणार का? तिचा खर्च वेगळा किती?
- यंत्र, ऑपरेशन, पुढच्या तपासण्या आणि बॅटरी बदलणं, सगळं मिळून किती? हे लेखी द्याल का?
- तार सरकली किंवा यंत्र बिघडलं तर खर्च कोणाचा?
- तुम्ही अशी किती यंत्रं बसवली आणि किती परत काढावी लागली?

उत्तर देताना डॉक्टर चिडले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो आपला हक्क आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. आपला उपचार योजनेत बसतो का, ते त्यांना विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथे खाट मिळाली तरी यंत्राची किंमत कोण देणार, हे आधी विचारून घ्या.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत गेली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणं, रात्री जास्त ठणका असेल तर मणक्याचा टीबी आहे का ते तपासायला हवं. दाटीच्या वस्तीत हा आजार आम्ही पुष्कळ पाहतो. सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं मोफत मिळतात, ती पूर्ण घेतली तर तो बरा होतो.

आमच्या ताईंना आम्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वेदना ओपीडीत नेलं. भूलतज्ज्ञ डॉक्टर ती चालवतात. तिथे नसेच्या वेदनेची गोळी सुरू झाली, सुरुवातीला चक्कर आणि झोप आली, म्हणून डोस हळूहळू वाढवला. ही गोळी मनानेच एकदम बंद करायची नसते, हे त्यांच्या मुलीला समजावलं. फिजिओथेरपीचे व्यायाम शिकवले. आज पायातली आग पूर्ण गेलेली नाही. पण रात्री झोप लागते. चारऐवजी दोन घरची कामं त्या करतात. सहा महिन्यांनी वेदना तशीच राहिली तर यंत्राच्या चाचणीचा विचार करू, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तो निर्णय तेव्हा सगळी माहिती घेऊनच होईल. खोली अजून त्यांच्याच नावावर आहे.

आणि घरातल्यांना एक विनंती. घरात कोणाचं असं जुनाट दुखणं असेल तर "नाटक करते" हा शब्द आधी घरातून काढा. त्याला पैसा लागत नाही.