ओळखीचा चेहरा आणि जाहिरात

वस्तू निवडताना मनुष्य पुष्कळदा जाहिरातीपेक्षा परिचिताच्या शब्दावर अधिक विसंबतो. एलिहू काट्झ व पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील डिकेटर शहरातल्या सुमारे ८०० स्त्रियांच्या पाहणीवरून हे तत्त्व १९५५ साली ग्रंथरूपाने मांडले.

समाजमाध्यमांवरील विक्रीतंत्र याच तत्त्वावर उभे आहे. भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये असो वा मुंबईत, मोबाइलच्या पडद्यावर रोज दिसणारी व्यक्ती प्रेक्षकास ओळखीची वाटू लागते. म्हणून ‘आमचा साबण उत्तम’ असे विक्रेता स्वतः सांगत नाही. ‘मी हाच साबण वापरते’ असे तो त्या व्यक्तीकडून वदवितो. मोबदला घेऊन दिलेला अभिप्राय मैत्रिणीच्या सल्ल्यासारखा भासतो आणि ग्राहक फसतो तो येथेच.

यावर उपाय म्हणून मुंबईच्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये अशा मजकुरावर ‘जाहिरात’ अशी स्पष्ट खूण आवश्यक ठरविली. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेनुसार केवळ पैसाच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तू वा प्रवासही उघड केला पाहिजे आणि हा खुलासा जाहिरातीच्याच भाषेत असला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सल्ला देणाऱ्यास काय मिळाले हे कळल्यावरच सल्ल्याचे मोल ठरविता येते.