शेतरक्षणाची बंदूक आणि कुंभारीचे शिवार

ज्वारी हुरड्यास येऊ लागली म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या मागे दोन काळज्या लागतात. एक उसात दडून रात्री बाहेर पडणाऱ्या रानडुकराची आणि दुसरी उघड्या माळावरून कळपाने येणाऱ्या काळविटाची. डुक्कर भुईमूग उकरते, ऊस व मका आडवा करते. काळवीट हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून खातो. अशा वेळी पारावर एक वाद हटकून निघतो : शेतरक्षणासाठी बंदुकीचा परवाना सरकारने सढळ हाताने द्यावा की नाही? कुंभारीच्या शिवारात या वादास जे रूप आले आहे ते इतर गावांहून निराळे असल्यामुळे तो येथे मांडीत आहोत.

परवाना मागणाऱ्यांचे म्हणणे असे की, हत्यारबंदीचा कायदा मुळी अविश्वासातून जन्मास आला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या कायद्याने हिंदी रयतेस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली व गोऱ्या लोकांस मात्र त्यातून मोकळे ठेवले. हा सल इतका खोल होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद केला. आदल्याच वर्षी, मे १९३० मध्ये, सोलापूरने लष्करी कायदा अनुभवला होता; आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चौघे फासावर चढले. निःशस्त्र रयत म्हणजे काय, हे सोलापूरकरांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. परकी सरकार गेले, मग स्वतःच्या पिकाच्या राखणीसाठी आम्ही कचेरीचे उंबरे का झिजवावे, असा या मंडळींचा सवाल आहे.

उलट पक्षाचे म्हणणेही जुनेच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. हा हक्क एकदा सरसकट सर्वांस दिला की सराईत गुन्हेगारही त्याच्यावर बोट ठेवील, अशा आशयाचा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी घेतला आणि दुरुस्ती नामंजूर झाली. आजही या पक्षाचे लोक विचारतात की, डुकरासाठी घेतलेली बंदूक भाऊबंदकीच्या तंट्यात बांधावर निघणार नाही याची हमी कोण देणार? वरातीत हौसेने बार काढून माणसे जखमी करण्याचे प्रकार देशात इतके झाले की, २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी निराळी शिक्षा सांगावी लागली. ही भीती आम्ही पोकळ मानीत नाही.

कायदा या दोहोंच्या मधून गेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे शेतकऱ्यास प्रथम देऊ केली आहे ती ठासणीची बंदूक; ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी, लांब व गुळगुळीत नळीची. ठासणीच्या बंदुकीत दारू ओतावी, बोळा घालून गजाने ठासावा, वर छर्रे सोडावे, टोपी चढवावी, तेव्हा एक बार निघतो. तोवर कळप पलीकडच्या शिवारात पोचलेला असतो. या सावकाशीमुळेच कायद्याने तिला कमी धोक्याची मानली असावी. बार हवेत काढून जनावर हुसकण्यास मात्र ती पुरते.

जनावर मारण्याची गोष्ट निराळी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकरास मारण्यासही वनखात्याची लेखी परवानगी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान हे त्यास मारण्याचे कारण होऊच शकत नाही. म्हणजे हरभऱ्याच्या शेंड्यांवर ज्याचा खरा डोळा, त्याच्यापुढे बंदूक असून नसल्यासारखी. त्या नुकसानीस भरपाईचा अर्ज हाच मार्ग, आणि तो नुकसान दिसताच करावा लागतो.

परवाना न मिळाला म्हणून शेतकरी स्वस्थ बसतो असेही नाही. कोठे कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडली जाते, तर कोठे कणकेच्या गोळ्यात स्फोटक दडवून बांधावर ठेवतात. तार डुक्कर आणि गडी यांत भेद करीत नाही. पहाटे पाणी पाजण्यास गेलेला शेजारी अशा तारेस चिकटून मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरसाल येतात. बंदुकीस कडक विरोध करणाऱ्यांनी या तारेचाही हिशेब मांडला पाहिजे. बंदुकीची निदान नोंद असते व तिच्यामागे जबाबदार माणूस असतो.

आता कुंभारीकडे वळू. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव. येथे प्रथम विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे तीस हजार घरांची रे नगर योजना आली आणि तीतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात गेली. जेथे पूर्वी एका बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या बांधापर्यंत माणूस दिसत नसे, तेथे आता अंगणात पोरे खेळतात. दुनळीचा मोठा छर्रा पाचशे यार्डांपलीकडेही जाऊ शकतो. वसाहतीलगतच्या रानात रात्री नेम धरणे म्हणजे अंधारात घरांकडे तोंड करून बार काढणे होय, मग नेम धरणारा कितीही सज्जन असो.

म्हणून आमचे मत असे की, वाद चुकीच्या जागी चालला आहे. कचेरीत चौकशी होते ती माणसाची : वय एकवीस पुरे आहे काय, पोलिसांचा अहवाल काय, पूर्वी गुन्हा आहे काय. ती झालीच पाहिजे. पण तितकीच चौकशी रानाची झाली पाहिजे. ही कल्पना अगदी नवी नाही. १९७९ साली झालेल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. पक्ष्यासाठी अंतर मोजता येते, तर विडी कामगारांच्या लेकरांसाठी का मोजू नये? ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर लाखो बंदुका परत विकत घेतल्या, तरी शेतीची खरी गरज दाखविणाऱ्यास परवान्याची वाट ठेवली. कडक कायदा आणि शेतकऱ्याची सोय एकत्र नांदू शकतात.

वस्तीपासून दूर, ओढ्याकाठी उसाला लागून ज्याचे रान आहे व डुकरांचा उपद्रव ज्याच्या पंचनाम्यावर आहे, त्यास परवाना नाकारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. वसाहतीस लागून ज्याचे रान आहे त्याने बंदुकीचा नाद सोडावा. त्यास झटका देऊन सोडणारे सौर कुंपण, माळ्यावरची राखण आणि चार शेजाऱ्यांनी वाटून घेतलेली पाळी हीच साधने योग्य. कुंपणाचा खर्च एकट्यास झेपत नाही हे खरे. पण लगतच्या आठदहा खातेदारांनी मिळून शिवाराची बाहेरची कड बांधली तर आतल्या बांधांवर तार ओढावी लागत नाही.

ज्यांस परवान्याचा अर्ज करावयाचा आहे त्यांनी सातबाराच्या उताऱ्यासोबत रानाचा चतुःसीमेसह नकाशा आपण होऊन जोडावा, त्यावर जवळचे घर, शाळा व गाडीवाट यांची अंतरे लिहावीत, आणि गेल्या हंगामातील नुकसानीच्या पंचनाम्याची नक्कलही लावावी.